करवर्ष आणि पीकवर्ष : औंढ्यातील घरखर्च आणि प्राप्तिकराची अनपेक्षित थकबाकी

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ हे गाव ज्योतिर्लिंगाच्या देवस्थानामुळे सर्वदूर परिचित असले, तरी तालुक्याचे अर्थकारण मुख्यतः सोयाबीन आणि हळदीवर चालते, आणि शेतीच्या उत्पन्नावर केंद्राचा प्राप्तिकर नसल्यामुळे ‘आपला आणि इन्कम टॅक्सचा काय संबंध’ ही समजूत येथे सहज आढळते. हळद शिजवणे, वाळवणे आणि ढोलात घालून पॉलिश करणे या क्रिया मालाला बाजारात नेण्याजोगे करण्यासाठीच्या असल्याने त्यानंतर मोंढ्यात मिळालेली पट्टीही शेतीचेच उत्पन्न ठरते, हे खरे आहे. परंतु केवळ शेतीवर चालणारे घर आता विरळ झाले आहे. एक भाऊ जिल्हा परिषदेच्या शाळेत, दुसरा शेतात, वडील निवृत्तिवेतनावर आणि देवळाच्या वाटेवर पूजासाहित्याचे छोटे दुकान, अशा मिश्र उत्पन्नाच्या घरात प्राप्तिकराची नोटीस येते तेव्हा ती एका माणसाच्या नावावर असते आणि तिचा भार मात्र सगळ्या घरावर पडतो.

हा भार रकमेपेक्षा वेळेमुळे अधिक जाणवतो. प्राप्तिकराचे वर्ष 1 एप्रिलला सुरू होते आणि पगारदारांना विवरणपत्र, म्हणजे रोजच्या भाषेतले रिटर्न, भरण्याची नेहमीची शेवटची तारीख 31 जुलै असते. ज्यांचा वर्षाचा कर कपात वजा जाता 10,000 रुपये किंवा त्याहून अधिक निघतो, त्यांनी भरावयाच्या अग्रिम कराचे हप्ते 15 जून, 15 सप्टेंबर, 15 डिसेंबर आणि 15 मार्च रोजी येतात. यांपैकी जून-जुलै हा पेरणीचा काळ, ज्यात बियाणे, खत आणि मुलांचे शाळाप्रवेश एकाच वेळी पैसा मागतात. सप्टेंबरच्या मध्यात सोयाबीन अजून उभे असते. आणि हळदीचा पैसा हाती येईपर्यंत बहुधा मार्च-एप्रिल उजाडतो. शेतीचे उत्पन्न करमुक्त असले, तरी पेरणीचा खर्च बऱ्याचदा पगारातूनच भागत असल्यामुळे कर भरण्याच्या दिवसांत पगारदाराचाही हात रिकामा असतो. हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता तेव्हा सरकारी कारभार फसली सनाने, म्हणजे पीक-हंगामाशी जोडलेल्या कालगणनेने चालत असे आणि संस्थानाचा प्राप्तिकर कायदाही फसली 1357 चा होता; 1 एप्रिल 1950 पासून भारताचा प्राप्तिकर येथे लागू झाला आणि त्याबरोबर करवर्षही बदलले. शेताचे वर्ष अर्थातच बदलले नाही.

थकबाकीची नोटीस ज्या मार्गाने येते तोही समजून घेण्यासारखा आहे, कारण घबराटीचे निम्मे कारण त्या अपरिचयात असते. ऑनलाइन भरलेले रिटर्न बंगळुरू येथील केंद्रीय प्रक्रिया केंद्रात संगणकावर तपासले जाते. त्यात बेरजेची चूक, आकड्यांतली विसंगती किंवा उघडच चुकीचा दावा आढळला, तर प्रस्तावित फेरफार आधी कळवून उत्तरासाठी 30 दिवस दिले जातात. हा संदेश ई-मेलवर किंवा मोबाइलवर येतो आणि तो पत्ता पुष्कळदा रिटर्न भरून देणाऱ्या सल्लागाराचाच नोंदवलेला असल्याने करदात्यापर्यंत पोहोचतच नाही. पुढे 1961 च्या कायद्याच्या कलम 143(1) खाली सूचनापत्र निघते आणि त्यातील देय रक्कम ही ‘मागणी’, म्हणजे वसूल करावयाची थकबाकी ठरते. 1 एप्रिल 2026 पासून प्राप्तिकर कायदा 2025 अमलात आला असून त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, तथापि त्यापूर्वीच्या वर्षांच्या थकबाक्या जुन्या कायद्यानेच मोजल्या जातात आणि सध्या घरोघरी येणाऱ्या बहुतेक नोटिसा त्याच वर्षांच्या आहेत.

अशी थकबाकी निघण्याचे, विशेषतः शिक्षक आणि अन्य सरकारी कर्मचाऱ्यांच्या बाबतीतले, एक नेहमीचे कारण म्हणजे वेतनाची मागील थकबाकी. सातवा वेतन आयोग महाराष्ट्राने जानेवारी 2019 पासून प्रत्यक्ष लागू केला, परंतु त्याचा अंमल 1 जानेवारी 2016 पासून धरला आणि मधल्या तीन वर्षांचा फरक पाच हप्त्यांत देण्याचे ठरवले. अनेक वर्षांचे वेतन एकाच वर्षात हिशेबाला आले की उत्पन्न वरच्या करटप्प्यात जाते. हा अन्याय टाळण्यासाठी कलम 89 ची सवलत असून तीत ज्या-त्या वर्षाचा फरक त्या-त्या वर्षात टाकून कर पुन्हा मोजला जातो. मात्र ही सवलत मिळवण्यासाठी रिटर्नच्या आधी फॉर्म 10ई ऑनलाइन भरावा लागतो. कार्यालयाने फॉर्म सोळामध्ये, म्हणजे वेतन व करकपातीच्या वार्षिक दाखल्यात, सवलत दाखवली म्हणून कर्मचारी निर्धास्त राहतो, फॉर्म 10ई भरायचा राहून जातो, संगणक सवलत नाकारतो आणि ज्याचे काहीही चुकवायचे मनात नव्हते अशा माणसाच्या नावावर काही हजारांची मागणी उभी राहते. वर्षाच्या मध्ये नोकरी बदलणाऱ्यालाही असाच अनुभव येतो, कारण दोन्ही मालक आपापल्या परीने करमुक्त मर्यादेचा पूर्ण लाभ देतात आणि दोन्ही पगार एकत्र मोजले की कपात अपुरी पडल्याचे उघड होते.

औंढा तालुक्यात दुसरे एक कारण अलीकडच्या वर्षांत महत्त्वाचे झाले आहे, ते म्हणजे जमिनीचा पैसा. गुरुत्वीय लहरींचा शोध घेणारी लायगो-इंडिया प्रयोगशाळा याच तालुक्यात दुधाळा येथे उभारली जात असून एप्रिल 2023 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्या 2,600 कोटी रुपयांच्या खर्चाला मंजुरी दिली. नियोजित शक्तिपीठ महामार्गाच्या आराखड्यातही औंढ्याचा समावेश आहे. 2013 च्या भूसंपादन कायद्याच्या कलम 96 नुसार त्या कायद्याखालील निवाड्याने किंवा कराराने मिळालेल्या मोबदल्यावर प्राप्तिकर नाही, आणि केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने ऑक्टोबर 2016 मध्ये परिपत्रक काढून हे स्पष्ट केले आहे. घोटाळा होतो तो मोबदल्याच्या पाठोपाठ येणाऱ्या व्याजात. वाढीव मोबदल्यासाठी दावा लढवून वर्षानुवर्षांचे व्याज एकरकमी मिळाले, तर ते ज्या वर्षी हाती येते त्याच वर्षीचे उत्पन्न धरले जाते आणि त्यातील निम्मी रक्कम वजावट म्हणून सोडून उरलेल्या निम्म्यावर कर लागतो. अशा व्याजाच्या स्वरूपावरून न्यायालयांत वाद झालेले असले, तरी विभाग मागणी काढतो ती याच नियमाने. त्याहून साधा प्रकार मुदतठेवीचा आहे. मोबदल्याचे 40 लाख रुपये एखाद्या पगारदाराने 7 टक्क्यांनी बँकेत ठेवले, तर वर्षाला 2 लाख 80 हजार व्याज होते, बँक त्यातून 10 टक्के म्हणजे 28,000 रुपये उगमस्थानी कापते आणि ‘टीडीएस कापला, विषय संपला’ असे वाटते. पण हे सगळे व्याज 20 टक्क्यांच्या टप्प्यात पडत असेल, तर 4 टक्के उपकर धरून कर 58,240 रुपये होतो आणि 30,240 रुपये मागे राहतात. मूळ रक्कम करमुक्त म्हणून तिच्यावरचे व्याजही करमुक्त, हा समज तालुक्यातील पुष्कळ घरांना महाग पडू शकतो.

तिसऱ्या कारणाविषयी सहानुभूतीला जागा कमी आहे, पण त्यात सापडणारे सगळेच लबाड नसतात. ‘कापलेला सगळा टॅक्स परत काढून देतो, त्यातला काही टक्के माझा’ असे सांगणारे मध्यस्थ घरभाडे, देणग्या, विमा, आजारपण अशा खोट्या वजावटी दाखवून परतावा मिळवून देतात. प्राप्तिकर विभागाने 14 जुलै 2025 रोजी अशा प्रकरणांत महाराष्ट्रासह अनेक राज्यांत 150 ठिकाणी तपासणी केली आणि त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे 40,000 करदात्यांनी 1,045 कोटी रुपयांचे खोटे दावे स्वतःहून मागे घेतल्याचे जाहीर केले. मध्यस्थ आपला वाटा घेऊन मोकळा होतो. परतावा व्याजासह परत करण्याची आणि चुकीची माहिती दिल्याबद्दल कराच्या दुपटीपर्यंत दंडाची जबाबदारी मात्र ज्याच्या पॅनवर रिटर्न भरले त्याचीच राहते. विभागाची कारवाई सुरू होण्यापूर्वी अद्ययावत विवरणपत्र भरता येते, त्यासाठीची मुदत 2025 मध्ये 48 महिन्यांपर्यंत वाढवली आहे आणि उशिरानुसार 25 ते 70 टक्के जादा कर द्यावा लागत असला, तरी दंडाच्या तुलनेत तो सुसह्य ठरतो.

नोटीस हाती आल्यावर ती खरी आहे का हे आधी पाहावे लागते, कारण खोट्या नोटिसा पाठवून पैसे उकळणाऱ्या टोळ्यांनाही हीच भीती उपयोगी पडते. 1 ऑक्टोबर 2019 पासून विभागाच्या पत्रावर दस्तऐवज ओळख क्रमांक असणे आवश्यक असून तो विभागाच्या संकेतस्थळावर तपासता येतो. नोटीस खरी असल्यास मागणी मान्य आहे, अंशतः अमान्य आहे की पूर्णपणे अमान्य, हे त्याच संकेतस्थळावर कारणासह नोंदवायचे असते. बेरजेची, नोंदीची किंवा कापलेला कर जमेस न धरल्याची चूक असेल तर कलम 154 खाली दुरुस्तीचा अर्ज करता येतो आणि तो विनाशुल्क असतो. संस्थेने पगारातून कर कापला पण सरकारजमा केला नाही, तर तेवढा कर कर्मचाऱ्याकडून पुन्हा मागता येत नाही, असे कलम 205 सांगते. मात्र कपात झाल्याचा पुरावा म्हणून पगारचिठ्ठ्या आणि पासबुक जपून ठेवलेले असावे लागते. मोठ्या वादात 30 दिवसांच्या आत आयुक्तांकडे अपील करता येते आणि तोवर वसुली थांबवण्यासाठी सर्वसाधारणपणे वादग्रस्त रकमेच्या 20 टक्के भरण्यास सांगितले जाते.

मागणी बरोबरच असेल आणि घरात पैसा नसेल, तर काय करावे हा खरा प्रश्न आहे, आणि औंढ्यासारख्या ठिकाणी त्याचे उत्तर बहुधा घाईत शोधले जाते. सरकारी देणे म्हणून ते आधी फेडायचे या भावनेने सोनेतारण केले जाते, पगारदार पतसंस्थेतून उचल घेतली जाते, पीककर्जाची रक्कम तिकडे वळवली जाते, आणि यांपैकी काही जमले नाही तर सावकाराचे दार गाठले जाते. हिशेब मांडला तर यातील शेवटची वाट निव्वळ नुकसानीची दिसते. मागणीची रक्कम भरण्यास 30 दिवस मिळतात आणि त्यानंतर दरमहा 1 टक्का सरळ व्याज लागते. 60,000 रुपयांच्या मागणीवर हे व्याज महिन्याला 600 रुपये होते, तर तीन रुपये शेकड्याने काढलेल्या तेवढ्याच रकमेवर दरमहा 1,800 रुपये द्यावे लागतात. कलम 220(3) नुसार मुदत संपण्याआधी अर्ज केल्यास कर निर्धारण अधिकारी हप्ते बांधून देऊ शकतो. 10,000 रुपयांचे सहा मासिक हप्ते मिळाले, तर घटत्या रकमेवरचे एकूण व्याज अवघे 2,100 रुपये होते. अर्जात पगार, शेतीचा हंगाम, चालू कर्जाचे हप्ते आणि पैसा कोणत्या महिन्यात येणार हे कागदांसह लिहिले, तर अधिकाऱ्याला निर्णय घेणे सोपे जाते. हप्ता चुकला तर ही सवलत रद्द होते, म्हणून कागदावर छान दिसणाऱ्या मोठ्या हप्त्यापेक्षा पाळता येईल असा लहान हप्ता मागणे शहाणपणाचे असते.

जप्तीची भीती या सगळ्याच्या मुळाशी असते. कर थकवून नोटिशींना उत्तरच न देणाऱ्याचे बँक खाते गोठवले जाऊ शकते, हे खरे आहे. पण प्राप्तिकराच्या वसुलीलाही 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेची बंधने लागू आहेत आणि तिच्या कलम 60 मध्ये काय जप्त करता येत नाही याची यादीच आहे : अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धर्माचारानुसार स्त्रीला उतरवता न येणारे दागिने, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची औते, उपजीविकेला लागणारी जनावरे आणि बियाणे, तसेच शेतकऱ्याचे राहते घर. पगाराचेही पहिले 1,000 रुपये आणि उरलेल्या रकमेचे दोन तृतीयांश सुरक्षित असतात. शेतजमीन मात्र या यादीत नाही, आणि शेतकऱ्यासाठीचे संरक्षण ज्याची उपजीविका खरोखर शेतीवर आहे त्यालाच मिळते, त्यामुळे पगारदाराने त्यावर विसंबू नये.

थकबाकी खूप जुनी असेल तर ती अजून शिल्लक आहे का हेही पाहावे. 2024 च्या अंतरिम अर्थसंकल्पानुसार 2009-10 पर्यंतच्या 25,000 रुपयांपर्यंतच्या आणि 2010-11 ते 2014-15 मधील 10,000 रुपयांपर्यंतच्या मागण्या, एका करदात्यासाठी एकूण 1 लाखाच्या मर्यादेत, रद्द केल्या आहेत. आजारपण किंवा नापिकीसारख्या आवाक्याबाहेरच्या कारणाने कर थकला, भरणा खरोखरच अडचणीचा ठरला आणि करदात्याने चौकशीत सहकार्य केले, या तिन्ही अटी पूर्ण होत असल्यास कलम 220(2अ) खाली व्याज कमी किंवा माफ करण्याचा अर्जही करता येतो. आणि ज्याच्या नावावर मागणी आहे तोच वारला असेल, तर वारसांची जबाबदारी त्याने मागे ठेवलेल्या मालमत्तेपुरतीच राहते; मुलाच्या स्वतःच्या पगारातून वडिलांचा कर वसूल करता येत नाही, मात्र वारस म्हणून संकेतस्थळावर नोंदणी करून नोटिशीला उत्तर देणे त्यालाच भाग असते.