किनवटच्या प्रबंधाची सुरुवात परिशिष्टापासून

किनवट तालुका 1956 पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होता. भाषावार राज्यरचनेत तो नांदेडला जोडला गेला, पण गोंड, कोलाम, परधान, बंजारा यांच्या वस्त्या आणि सोयरिकी हद्दीच्या दोन्ही बाजूंना राहिल्या. नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ 1994 साली झाले. तोवर इथल्या संशोधकाला नोंदणीसाठी औरंगाबाद गाठावे लागे. पुढे खुद्द किनवटमध्येही विद्यापीठाचे आदिवासी विकास व संशोधन केंद्र आले. दार जवळ आले, तरी मराठी साहित्यातला प्रबंध बहुधा जुन्याच साच्यात घातला जातो. एक लेखक निवडायचा, पहिल्या प्रकरणात त्याचा जीवनपट, दुसऱ्यात वाङ्मयप्रकाराचे स्वरूप, मग कथानक, व्यक्तिरेखा, भाषाशैली आणि शेवटी निष्कर्ष. असा प्रबंध पूर्ण करायला मोठे ग्रंथालय आणि जुन्या नियतकालिकांच्या फायली लागतात, आणि किनवटच्या विद्यार्थ्याकडे नेमके तेच नसते. पुण्यात बसलेला विद्यार्थी जे काम सहज करील, ते त्याने शेकडो किलोमीटर दूर राहून का करावे? माझे म्हणणे असे की, इथला प्रबंध परिशिष्टापासून सुरू झाला पाहिजे. आधी आसपासचे मौखिक साहित्य संहिता म्हणून सिद्ध करावे, विवेचन त्यावर उभे करावे.

या भागाने अभ्यासकाला काय दिले, ते इतिहासात नोंदलेले आहे. मानववंशशास्त्रज्ञ ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ 1940 च्या दशकात आदिलाबादच्या गोंडांमध्ये राहिले. त्यांचा राज गोंडांवरचा ग्रंथ 1948 मध्ये आला, तेव्हा किनवट त्याच जिल्ह्याचा भाग होते. निलंग्याचे सेतुमाधवराव पगडी हैदराबाद संस्थानाच्या प्रशासनात होते. त्यांनी गोंडी आणि कोलामी या दोन्ही भाषांची व्याकरणे लिहिली. आदिलाबादमधल्याच गुंजाळा गावी गोंडीची वेगळ्या लिपीतली हस्तलिखिते मिळाली आणि त्या लिपीला 2018 मध्ये युनिकोडमध्ये स्थान मिळाले. हे सारे मानववंशशास्त्रज्ञ, प्रशासक आणि लिपी-अभ्यासक यांच्या हातून झाले. साहित्याच्या विद्यार्थ्याचे काम त्यापुढचे आहे. गीताची रचना कशी, ध्रुवपद कुठे वळते, एका गायकाचा पाठ दुसऱ्यापाशी का बदलतो, हे त्याने सांगायचे आहे.

दिवाळीच्या दिवसांत गोंडांच्या दंडारी नाचाचे जथे निघतात, त्यांच्यात मोरपिसांचा टोप घातलेले घुसाडी असतात. मारलवाईच्या कनक राजूंना याच घुसाडी नृत्यासाठी 2021 मध्ये पद्मश्री मिळाली. नाच सगळ्यांना दिसतो, गाणे मात्र फारसे कोणी लिहून घेत नाही. ते लिहून घेणे कष्टाचे आहे. ध्वनिमुद्रण थांबवत थांबवत एकेक ओळ देवनागरीत उतरवायची, तिच्याखाली शब्दश: अर्थ, त्याखाली वाचता येईल असे मराठी. बाजूला गायकाचे गाव, प्रसंग, वाद्य. मग तीच ओळ दुसऱ्या गावच्या गायकाकडून ऐकून पाठभेद नोंदवायचा. अशा संहितेची चार पाने चाळीस पानांच्या समीक्षेपेक्षा जड असतात.

मराठी विभागाने गोंडी का सांभाळावी, हा आक्षेप ठरलेला आहे. त्याचे उत्तर परधानांकडे आहे. गोंडांचे हे परंपरागत गायक घरी मराठी बोलतात आणि पुराकथा गोंडीत गातात, असे हायमेनडॉर्फ यांनीच नोंदवले आहे. घरची मराठी त्या गोंडी गायनात कुठे शिरते, हा निखळ मराठीच्या अभ्यासाचा प्रश्न आहे, आणि तो विचारायला किनवटइतकी सोयीची जागा कोणती? मार्गदर्शकाला गोंडी येत नसेल तर सहमार्गदर्शक घ्यावा.

दुसरा आक्षेप वेळेचा, आणि तो खरोखर भारी आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमांप्रमाणे किमान तीन वर्षे, कमाल सहा वर्षे मिळतात. फेरनोंदणी केली तर आणखी दोन. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या, शेतीही पाहणाऱ्या विद्यार्थ्याला ही वर्षे पुरत नाहीत. पण संकलनाला मर्यादा घालता येते. एक गीतप्रकार, मोजकी गावे, दोन दिवाळ्या. शिवाय त्याच नियमांनी प्रबंध सादर करण्याआधी शोधनिबंध छापण्याची सक्ती काढून टाकली, तो वेळ गावात घालवता येतो. घाईने जुळवलेल्या उताऱ्यांपेक्षा आपल्या हाताने उतरवलेली संहिता साहित्यचौर्याच्या तपासणीतही निर्धास्त ठेवते.

नरहर कुरुंदकरांनी नांदेडच्या पीपल्स कॉलेजात शिकवत, पीएच.डी.शिवाय, समीक्षेत जे केले ते पाहता पदवीचा अट्टाहास कशाला, असेही विचारले जाते. प्रश्न रास्त आहे. परंतु कुरुंदकरांची मदार छापील ग्रंथांवर होती, आणि ग्रंथ हाताशी असले की ते वाचायला कोणाचे पाठबळ लागत नाही. संकलनाला प्रवासखर्च, ध्वनिमुद्रण यंत्र, गायकाचे मानधन आणि ध्वनिमुद्रणे जपून ठेवणारी संस्था लागते. ते विद्यापीठाच्या नोंदणीतून मागता येते, आणि मागितलेच पाहिजे.

प्रबंधाची मौखिकी परीक्षा खुली असते. ती किनवटच्या केंद्रात ठेवावी, गायकांना बोलवावे आणि परिशिष्ट त्यांच्यापुढे मोठ्याने वाचावे. कोणती ओळ चुकीची उतरली, हे बहिःस्थ परीक्षकाआधी ते सांगतील.