शीत संमीलनाचा वाद

एखादी आश्चर्यकारक वार्ता कानीं पडतांच तिजवर विश्वास ठेवणारे लोक पुष्कळ आढळतात; व ती न तपासतांच हंसण्यावारी नेणारेही कांहीं थोडे नसतात. शास्त्राचा मार्ग या दोहोंहून निराळा आहे. तो एका उदाहरणानें आमच्या वाचकांस दाखवावा, असें आम्हीं योजिलें आहे.

ता. २३ मार्च १९८९ रोजीं अमेरिकेंतील यूटा विश्वविद्यालयांत मार्टिन फ्लाइशमन व स्टॅन्ले पॉन्स या रसायनशास्त्रज्ञांनीं जाहीर केलें कीं, आपणांस टेबलावरील साध्या उपकरणांत संमीलन घडवितां आलें आहे. हलकीं अणुकेंद्रकें जुळून जड केंद्रक बनणें, यास संमीलन म्हणतात. सूर्याची उष्णता यांतूनच उत्पन्न होते. पण सूर्याच्या गर्भांत तपमान सुमारें दीड कोटि अंश असतें. येथें तर जड पाण्यानें भरलेलें कांचेचें भांडें, त्यांत पॅलाडियम व प्लॅटिनम या धातूंचे विद्युदग्र, आणि विजेचा प्रवाह, एवढीच सामग्री! जड पाण्यांतील ड्यूटेरियम पॅलाडियममध्यें शोषला जाऊन तेथें त्याचीं केंद्रकें जुळतात व दिलेल्या शक्तीहून अधिक उष्णता मिळते, असें त्यांचें म्हणणें होतें. तें खरें ठरतें, तर जगास इंधनाची ददात उरली नसती.

फ्लाइशमन हे लंडनच्या रॉयल सोसायटीचे सभासद होते. तथापि शास्त्रांत पुरावा माणसाच्या मानावरून जोखीत नाहींत. दोन शंका निघाल्या.

पहिली उष्णतेच्या मोजणीची. घंगाळांतील कढत पाण्यांत विसण घालून तें ढवळलें नाहीं, तर एकीकडे हात पोळतो व दुसरीकडे पाणी गार लागतें. एकाच जागीं ठेवलेला उष्णतामापक असाच फसवूं शकेल, अशी शंका कॅलिफोर्नियांतील नेथन लुइस यांनीं काढली. त्यांच्या मंडळीनें द्राव ढवळून प्रयोग केले. अधिक उष्णता आढळली नाहीं. वायूच्या बुडबुड्यांनींच द्राव पुरेसा ढवळला जातो, असें यूटाच्या शास्त्रज्ञांचें उत्तर होतें.

दुसरी शंका अधिक बिकट होती. ड्यूटेरियमच्या संमीलनांत न्यूट्रॉन बाहेर पडतात. सांगितली तेवढी उष्णता त्यापासून निघती, तर न्यूट्रॉनांच्या माऱ्यानें जवळ उभ्या असलेल्यांचे प्राणच गेले असते! जॉर्जिया येथील शास्त्रज्ञांनीं न्यूट्रॉन आढळल्याचें प्रसिद्ध केलें. परंतु आपलें मापनयंत्र उष्णतेनेंच चळतें, हें ध्यानांत येतांच थोड्याच दिवसांत त्यांनीं तें विधान मागें घेतलें. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रांतही त्याच वर्षीं प्रयोग झाले, व न्यूट्रॉन आणि ट्रिटियम मिळाल्याचें सांगण्यांत आलें. उलट इंग्लंडांतील हार्वेल येथें खुद्द फ्लाइशमन यांचा सल्ला मिळूनही कांहीं हातीं लागलें नाहीं.

प्रयोग फसला तेथें धातूंत ड्यूटेरियम पुरेसा मुरला नसेल, असें पुरस्कर्ते म्हणत. ही सबब खरीही असेल. पण प्रयोग साधला तर सिद्धान्त खरा, व फसला तर धातु वाईट, असें म्हणूं लागल्यास तो सिद्धान्त खोटा ठरण्यास वावच राहत नाहीं. अमुक धातूंत अमुक प्रमाण मुरल्यास इतकी उष्णता मिळेल, असें आधीं सांगावें, व तिऱ्हाइतानें तें करून पाहावें, हाच खरा कस होय.

अमेरिकेच्या ऊर्जाखात्याच्या समितीनें नोव्हेंबर १९८९ मध्यें हा पुरावा पटण्याजोगा नाहीं, असा अभिप्राय दिला. मात्र नीट योजिलेल्या प्रयोगांस माफक साहाय्य देण्यास तिनें हरकत घेतली नाहीं. गूगल कंपनीच्या साहाय्यानें झालेल्या शोधांतही असा पुरावा मिळाला नसल्याचें २०१९ सालीं 'नेचर' नियतकालिकांत प्रसिद्ध झालें. त्याच खटाटोपांतून धातूंत हायड्रोजन मुरविण्याविषयीं व सूक्ष्म उष्णता मोजण्याविषयीं उपयुक्त ज्ञान पदरांत पडलें.

शंका घेणें सोपें आहे. पण शंकेसाठीं रात्रंदिवस उपकरणांपाशीं बसून ती पडताळणें कठीण आहे. असें कष्ट ज्यांनीं घेतले, त्यांनाच 'नाहीं' म्हणण्याचा अधिकार पोंचतो, हें आमच्या विद्यार्थ्यांनीं विसरूं नये.