आधी नंबर, मग कुंपण (लेखांक ६)

मागचे दोन लेख आपण आयोवाच्या सपाट शेतांवर होतो. आज डोंगर चढायचा आहे. नॉर्थ कॅरोलायनाच्या वायव्य कोपऱ्यात, अ‍ॅपलाशियन पर्वतरांगेत वाटॉगा काउंटी आहे. तिचं मुख्य गाव बून, ३,३३३ फुटांवरचं. शेतं लहान, उतार तीव्र. गुरांची कुरणं, थोडा भाजीपाला आणि नाताळात घरोघरी सजवतात ती फ्रेझर फरची झाडं, अशी इथली शेती.

सरकारी मदत इथे नाही असं नाही. ती चार दारांमागे वाटलेली आहे, आणि आधी कुठलं दार ठोठावायचं इथेच लहान शेतकऱ्याचं गाडं अडतं.

पहिलं दार फार्म सर्व्हिस एजन्सीचं. केंद्रीय कृषी खात्याची ही शाखा कर्ज, आपत्तीतली मदत आणि शेतांच्या नोंदी सांभाळते. खरेदीखत किंवा भाडेकरार दाखवला की नकाशावर शेत आखून त्याला फार्म नंबर मिळतो. आपल्याकडे गट नंबरावाचून अर्ज हलत नाही, तसंच तिथे या नंबराचं. (मालकी मात्र त्याने सिद्ध होत नाही.) डोंगराळ भागात दोन-तीन काउंट्यांना मिळून एकच कार्यालय असू शकतं, वळणावळणाचा घाट उतरण्याआधी फोन करून वेळ ठरवलेली बरी.

दुसरं दार एनआरसीएस, म्हणजे नैसर्गिक साधनसंपत्ती संवर्धन सेवेचं. तिची मुळं याच राज्याच्या मातीत आहेत. ह्यू हॅमंड बेनेट १८८१ साली इथल्याच अ‍ॅन्सन काउंटीत जन्मले. पावसाबरोबर वाहून जाणारी माती हे देशावरचं संकट आहे, असं ते वर्षानुवर्षं सांगत राहिले. १९३५ साली धुळीच्या वादळांनी देश हादरलेला असताना मृदसंधारण सेवा उभी राहिली आणि बेनेट तिचे पहिले प्रमुख झाले. १९९४ मध्ये नाव बदललं, काम तेच राहिलं.

या सेवेचा माणूस शेतावर येतो, उतार पाहतो, आराखडा करून देतो. त्याचे पैसे पडत नाहीत आणि पुढे योजनेत शिरायची सक्तीही नसते. इथला नेहमीचा प्रश्न असा: गुरं पाण्यासाठी ओढ्यात उतरतात, काठ तुडवला जातो, गाळ आणि शेण वाहत खाली जातं. उपाय म्हणजे ओढ्याकडेने कुंपण आणि झऱ्याचं पाणी नळाने आणून वर कुरणात भरलेली कुंडी. 'ईक्विप' योजनेतून या खर्चाचा मोठा वाटा मिळू शकतो. मात्र करारावर सही होण्याआधी खांबांचे खड्डे खणले, तर त्या कामाचे पैसे सहसा हातचे जातात. अर्ज वर्षभर घेतात, पण त्यांची क्रमवारी ठरावीक तारखांना लागते. तेवढा धीर धरावाच लागतो.

या पद्धतीतली एक गोष्ट मला खटकते. पैसे काम झाल्यावर मिळतात. ज्याच्या गाठीला पैसा नाही त्याने कुंपण घालायचं कशातून? नव्याने शेतीत आलेल्यांना आणि तुटपुंज्या उत्पन्नाच्या शेतकऱ्यांना निम्मी रक्कम आगाऊ घेता येते, पण ही सवलत आपणहून विचारून घ्यावी.

तिसरं दार काउंटीच्या मृद व जलसंधारण मंडळाचं. त्याच्यामार्फत राज्याची खर्चवाटणी योजना १९८४ पासून चालते आणि ठरावीक कामांचा ७५ टक्क्यांपर्यंत खर्च उचलते. केंद्राच्या रांगेत नंबर लागला नाही, तर इथे जरूर विचारावं.

चौथं दार कृषी विस्तार सेवेचं. १९१४ च्या कायद्याने सुरू झालेली ही सेवा पैसे देत नाही, विद्यापीठातलं ज्ञान बांधावर आणते. फरच्या ओळींमध्ये जमीन उघडी न ठेवता पांढरा क्लोव्हर वाढू द्यावा, म्हणजे उतारावरची माती धरून राहते, हा सल्ला इथलाच. नवख्या माणसाने चहापाण्याच्या गप्पांसारखं आधी इथेच बसावं असं मला वाटतं; कुठल्या कामाला कुठलं दार, हे इथे नीट कळतं.

सप्टेंबर २०२४ मध्ये हेलीन चक्रीवादळाच्या पावसाने या डोंगरांत दरडी कोसळल्या, कुंपणं वाहून गेली. अशा वेळी आपत्कालीन संवर्धन योजना पहिल्या दारी मिळते. ढिगारा उपसण्याआधी फोटो काढावेत, तारखा लिहून ठेवाव्यात आणि कार्यालयाला कळवावं. फार्म नंबर आधीच काढलेला असेल, तर ऐन संकटात खरेदीखत शोधत बसावं लागत नाही.

पुढच्या आठवड्यात: भाड्याच्या जमिनीवर करार कोणाच्या नावाने होतो?