पाण्याची नळी : निवड आणि निगा

चैत्र उजाडला, की आमच्या अनगोळातील परसांत सकाळ-संध्याकाळ एकच लगबग दिसू लागते. अबोली माना टाकते, मोगऱ्याची पाने करपतात आणि मृगाच्या सरी येईपर्यंत झाडे जगवावी कशी, हा प्रश्न घरोघर पडतो. बादल्या वाहून वडीलधाऱ्यांचे खांदे भरून येतात. अशा वेळी हलकी, मऊ व हवी तशी वळणारी नळी हाताशी असेल, तर लहान मूलही बाग शिंपू शकते. परंतु ही साधी दिसणारी वस्तू घेताना आम्ही स्वतःच एकदा फसलो. म्हणून हा लेखनप्रपंच.

एका उन्हाळ्यात शाळेच्या बागेसाठी आम्ही नव्या तऱ्हेची एक नळी आणली. आत ताणणाऱ्या रबराची नळी आणि बाहेर चुणीदार कापडी वेष्टन. पाणी भरले की ती फुगून लांबच लांब होते आणि रिकामी झाली की पुन्हा आखडते. वजन इतके थोडे, की पाचवीतल्या मुलाने एका हाताने उचलावी! पण गच्चीवरील टाकीच्या नळाला जोडताच ती मरगळलेल्या सापासारखी पडून राहिली. "सर, ही फुगत का नाही?" असे एका विद्यार्थ्याने विचारले, आणि त्याला उत्तर देता देता आमच्याच ध्यानी आले, की दोष नळीचा नव्हता, निवडीचा होता.

पाण्याच्या दाबाचे गणित सोपे आहे. १० मीटर उंच उभ्या असलेल्या पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे १ किलोग्रॅम असतो. आमच्या टाकीतील पाणी नळापेक्षा जेमतेम ५ मीटर उंचीवर. म्हणजे दाब अवघा अर्धा किलोग्रॅम. एवढ्याने ते रबर पुरते ताणले जात नाही. अशी नळी जेथे पंप आहे किंवा नळाला भरपूर जोर आहे, तेथेच शोभते. तात्पर्य, नळी निवडण्यापूर्वी आपले पाणी ओळखावे.

या नळीची कुळकथाही मनोरंजक आहे. आमच्या कोकणी मुलखातील कुळागरांत पाटाचे पाणी झाडाच्या मुळापर्यंत आपणहून जाते. घाटावर मात्र विहिरीवर मोट चाले. मोट वर आली, की तिची चामड्याची सोंड थारोळ्यात पाणी ओतीत असे. त्या सोंडेला आपल्याकडील लवचीक नळीची आजी म्हणावयास हरकत नाही. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात हॉलंडमध्ये यान व्हान डेर हायडेन या चित्रकाराने आग विझविण्यासाठी चामड्याची लांब नळी प्रचारात आणली. १८३९ मध्ये अमेरिकेत चार्ल्स गुडइयर यांना गंधकासह रबर तापवून ते टिकाऊ करण्याची युक्ती सापडली. पुढे १९२६ मध्ये वाल्डो सेमन यांनी पी. व्ही. सी. नावाच्या कडक प्लॅस्टिकला मऊ करण्याची रीत शोधली. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक स्वस्त, हलक्या नळ्या याच मऊ पी. व्ही. सी.च्या असतात.

आता निवडीकडे वळू. पहिली गोष्ट लांबीची. नळापासून सर्वांत दूरच्या झाडापर्यंत दोरीने मोजावे आणि वळणासाठी २ मीटर अधिक धरावे. उगाच लांब नळी घेतल्यास पाण्याचा जोर वाटेतच जिरतो.

दुसरी गोष्ट पोकळीची. अर्ध्या इंचाच्या १५ मीटर नळीत सुमारे १.९ लिटर पाणी मावते, तर पाऊण इंचाच्या तेवढ्याच नळीत ४.३ लिटर. म्हणजे भरलेली पाऊण इंची नळी ओढताना केवळ पाण्याचाच भार जवळजवळ अडीच किलोग्रॅमने वाढतो. मात्र दाब व लांबी सारखी असता पाऊण इंची नळीतून पावणेतीन पटीच्या आसपास पाणी येते. म्हणून जोरदार नळाला अर्धा इंच पुरे; टाकीच्या मंद पाण्याला पाऊण इंचच बरा.

तिसरी गोष्ट अंगाची. दोन थरांमध्ये धाग्याची जाळी विणलेली नळी दाबाने सहसा फुगत वा फाटत नाही. दुकानात नळीचा तुकडा वितीएवढ्या वेटोळ्यात वाकवून पाहावा. वळणाशी पोकळी चपटी झाली, तर ती नळी बागेत पावलोपावली मुरड खाईल. पारदर्शक नळीत ऊन शिरून शेवाळ वाढते. गडद रंगाची घेणे उत्तम.

निगेचे नियम थोडे, पण नेमाने पाळावयाचे आहेत. ऊन हा नळीचा मोठा वैरी. उन्हाने आणि काळाने प्लॅस्टिकमधील मऊपणा देणारे द्रव्य कमी होते, मग नळी ताठरते व तडकते. काम होताच तोटी बंद करावी, नळीतील पाणी झाडांच्या आळ्यांत सोडावे आणि मोठी वेटोळी करून ती सावलीत जुन्या टायरवर किंवा रुंद खुंटीवर ठेवावी. खिळ्यावर टांगल्यास तेथेच घडी पडते. दगडाच्या कोपऱ्यावरून ओढू नये. तोटीशी पाणी ठिबकू लागले, तर बहुधा वॉशर झिजलेला असतो, तो बदलावा. नळी मध्येच फाटली, तर तेवढा भाग कापून जोडनळी बसवावी आणि दोन्ही बाजूंना क्लिपा आवळाव्यात. टोक आधी गरम पाण्यात बुडविले, की जोडनळीवर सहज चढते.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. नळीचे तोंड बादलीत, हौदात किंवा गटारापाशी बुडालेले ठेवू नये. जेथे नळाला ठरावीक वेळीच पाणी येते, तेथे पुरवठा थांबताच वाहिनीतील दाब ओसरतो आणि तोटी उघडी असल्यास नळी बाहेरचे घाण पाणी आत ओढून घेऊ शकते. तेच पाणी पुन्हा शेजाऱ्याच्या घागरीत जाते! २००८ मध्ये बेळगाव, हुबळी-धारवाड व गुलबर्गा येथील निवडक भागांत चोवीस तास पाणी देण्याची योजना सुरू झाली. वाहिनीत दाब सतत राहिला, तर घाण आत शिरण्यास वाव मिळत नाही, हा अशा पुरवठ्याचा एक मोठा लाभ होय. म्हणून नळीचे तोंड नेहमी पाण्याच्या वर धरावे. त्याचप्रमाणे उन्हात तापून साचलेले नळीतील पहिले पाणी पिऊ नये व कोवळ्या रोपांवरही मारू नये. ते थोडे वाहू देऊन गार झाल्यावरच शिंपावे.

आमच्या शाळेने पुढे गडद हिरवी, जाळीची, पाऊण इंची नळी घेतली. ती त्या कापडी नळीहून जड आहे, हे खरे. पण दोन मुले मिळून ती आनंदाने ओढतात आणि मे महिन्यातही जास्वंद फुललेली असते. विद्यार्थी मित्रहो, राकसकोपच्या जलाशयातून किंवा हिडकलच्या धरणातून आपल्या दारी येणारे पाणी किती दुरून येते, याचा विचार करा. ते शेवटचे काही हात अंतर ज्या नळीतून जाते, ती डोळसपणे निवडणे आणि नीट जपणे, हे आपल्याच हाती आहे.