पिकअपचे पुढचे चाक : हब व ब्रेकचे घरचे काम



खताची पोती, ठिबकच्या नळ्या, तोडणी कामगारांचे सामान, सगळे आता पिकअपवर चालते. इंजिनचे ऑईल आपण वेळेवर बदलतो. पुढच्या चाकाचा हब मात्र आवाज आल्याशिवाय कोणी उघडत नाही. पाटाच्या पाण्यातून, चिखलातून गाडी गेली की सील झिजलेले असल्यास पाणी आत शिरते, ग्रीस पांढरट पडते आणि बेअरिंग खराब होते. हंगामाआधी एकदा बघून घ्यावे.

येथे निमुळत्या रोलरची दोन बेअरिंगे व डिस्क ब्रेक असलेल्या चाकाबद्दल लिहिले आहे. काही गाड्यांना सीलबंद हब असतो. तो उघडायचा नसतो, सबंध बदलायचा असतो.

सपाट जागी मागच्या चाकांना उटी लावा, हँडब्रेक ओढा. चाकाचे नट गाडी खाली असतानाच ढिले करा. जॅकवर विसंबू नका; चासीखाली स्टँड किंवा भक्कम लाकडी ठोकळा हवाच. वीट नको, ती फुटते.

आता चाक वर-खाली धरून हलवा. खेळत असेल तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खेळ थांबला तर दोष बेअरिंगचा. तरीही हलतंय तर बॉल जॉइंटकडे बघा. एवढ्या परीक्षेने बरेचदा नाहक खर्च वाचतो.

कॅलिपर सोडला की तारेने वर बांधा, ब्रेकच्या नळीवर लोंबकळू देऊ नका. टोपी, स्प्लिट पिन, नट, वॉशर काढून हब ओढून घ्या. बेअरिंगे डिझेलने धुवा, फडक्याने पुसून पूर्ण वाळू द्या. हवेच्या पाइपने गरागरा फिरवायची हौस नको. रोलर निळसर झाले असतील किंवा त्यांवर खड्डे दिसले तर बेअरिंग बाहेरच्या कपासह बदला. नवे बेअरिंग जुन्या कपात बसवणे म्हणजे पैसे पाण्यात.

तळहातावर लिंबाएवढे व्हील बेअरिंगचे ग्रीस घ्या. बेअरिंगची रुंद कड त्यावर दाबत राहा. दुसऱ्या बाजूने रोलरांमधून ग्रीस बाहेर आले पाहिजे. वरून नुसते फासून काही होत नाही. जुने ग्रीस पुसून काढा, सील नवे घाला.

खरी मेख नट आवळण्यात आहे. पुष्कळजण जोर लावून आवळतात आणि बेअरिंग तापून जळते. हब हाताने फिरवत नट आवळा, म्हणजे बेअरिंग नीट बसेल. मग नट ढिला करून फक्त बोटांनी घट्ट करा. पिनचे भोक जुळले नाही तर किंचित मागे घ्या, पुढे नाही. गाडीच्या पुस्तकात वेगळे माप असेल तर तेच पाळा. जुनी स्प्लिट पिन पुन्हा वापरू नका. दोन-चार रुपयांच्या त्या पिनेवर चाक टिकून असते.

ब्रेक पॅडचे अस्तर ३ मिलिमीटरपेक्षा कमी उरले असल्यास दोन्ही चाकांचे पॅड एकदम बदला. डिस्कला ग्रीसचा हात लागू देऊ नका. पिस्टन मागे दाबताना डबीतले ब्रेक ऑईल वर चढते, तिकडे लक्ष ठेवा. ऑईलची नळी सोडली असेल तर हवा काढण्याचे काम मिस्त्रीकडूनच करून घ्या.

गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाबा. पहिला दाब रिकामा जातो. आठ-दहा किलोमीटर, ब्रेक कमी वापरून, फिरून या आणि हबला हात लावा. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल तर नट बहुधा जास्त आवळला गेला आहे. चाक परत वर घ्या.