बाप्तिस्म्यापुढचे शिष्यत्व

नव्या करारात ‘ख्रिस्ती’ हा शब्द जेमतेम तीनदा येतो. ‘शिष्य’ या अर्थाचा ग्रीक शब्द मात्र अडीचशेहून अधिक वेळा. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात नोंद आहे, की शिष्यांना ख्रिस्ती हे नाव पहिल्यांदा अंत्युखियात पडले. म्हणजे माणसे आधी शिष्य झाली आणि नाव मागाहून मिळाले. ख्रिस्ती घरात जन्मलेल्या मुलाच्या बाबतीत क्रम बहुधा उलटा असतो. नाव तान्हेपणीच बाप्तिस्म्याबरोबर मिळते, शिष्यत्व मात्र पुढे आयुष्यभर कमवावे लागते.

त्या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ ‘शिकणारा’. येशूच्या काळच्या यहुदी समाजात रब्बीकडे शिकायची रीत होतीच, पण तिथे शिकू पाहणारा तरुण स्वतः गुरू शोधी. येशूने गालील सरोवराच्या काठी जाळी टाकणाऱ्या कोळ्यांना आणि जकातनाक्यावर बसलेल्या मत्तयाला आपण होऊन बोलावले. शिकवणे वाटचालीतच चाले: जेवताना, होडीत, आजाऱ्यांच्या गर्दीत. शिष्य काही आदर्श नव्हते. पहिला कोण यावरून ते भांडले, आणि पेत्राने तर ऐन वेळी तीनदा येशूची ओळख नाकारली. बारा प्रेषितांपलीकडेही शिष्यवर्ग होता. लूकच्या शुभवर्तमानात मग्दालीया मरीया, योहान्ना, सुसान्ना या बरोबर फिरणाऱ्या स्त्रियांची नावे आहेत. मार्थेची बहीण मरीया येशूच्या पायाशी बसून ऐकते, आणि पायाशी बसणे ही शिष्याचीच जागा.

या शिष्यत्वाला किंमत आहे. बुरूज बांधणारा आधी बसून खर्चाचा हिशेब करतो, तसा हिशेब करूनच मागे या, असे येशू सांगतो. रोज आपला वधस्तंभ उचलावा लागेल, हेही सांगतो. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या शेवटच्या अध्यायातली येशूची आज्ञा मुळात ‘शिष्य करा’ अशी आहे. बाप्तिस्मा देणे आणि शिकवणे ही त्याची अंगे. पहिले अंग उरकून दुसरे सोडून दिले, तर आज्ञा अर्धीच राहते. जर्मन धर्मवेत्ता दीत्रिख बोनहोफर याने 1937 साली शिष्यत्वावरच्या पुस्तकात अशा किंमत न मोजणाऱ्या श्रद्धेला ‘स्वस्त कृपा’ म्हटले. नाझी राजवटीला विरोध केल्यामुळे 1945 च्या एप्रिलमध्ये त्याला फाशी झाली.

मराठी वाचकाला हे सगळे ओळखीचे वाटते, कारण गुरू-शिष्य हे इथल्या मातीतले नाते. फरक मात्र लक्षात घेण्याजोगा आहे. आपल्या परंपरेत शिष्य तयार झाला की पुढे स्वतः गुरू होतो आणि गादी चालते. येशू शिष्यांना बजावतो, की तुम्ही स्वतःला गुरू म्हणवून घेऊ नका, तुमचा गुरू एकच आणि तुम्ही सगळे भाऊ. त्यामुळे ख्रिस्ती शिष्यत्वाला पदवीदान नाही. पाद्री असो वा बिशप, तोही वर्गातच बसलेला असतो. चर्चच्या इतिहासात याचा विसर अनेकदा पडला, हा भाग वेगळा.

बाप्तिस्म्यानंतर शिष्य कसे घडवायचे, हा प्रश्न गोव्यात सोळाव्या शतकात फार मोठ्या प्रमाणावर उभा राहिला. तिसवाडी, बार्देस, साष्टी या पोर्तुगीजांच्या जुन्या काबिजादीत, म्हणजे आधी जिंकलेल्या मुलखात, गावेच्या गावे बाप्तिस्मा घेत होती. त्यात श्रद्धा होती, सवलतींची ओढ होती आणि सत्तेचे भयही होते. 1560 मध्ये इन्क्विझिशन हे धर्मन्यायालयही आले. भयाने बाप्तिस्मा होऊ शकतो. शिष्य होत नाही. 1579 साली गोव्यात उतरलेला इंग्लिश जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स याने दुसरी वाट धरली. साष्टीतल्या नवख्रिस्तींची जुनी पुराणे हातून गेली होती आणि त्यांच्या जागी वाचायला, ऐकायला काही नव्हते. ही उणीव ओळखून त्याने सुमारे अकरा हजार मराठी ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ रचले. ते 1616 साली रायतूर येथे छापले गेले, तेही रोमन लिपीत, कारण देवनागरी खिळे नव्हते. ग्रंथात श्रोते शंका विचारतात आणि पाद्री उत्तरे देतो. शंकेला जागा देणे ही शिष्य घडवण्याची पहिली पायरी. पुढे 1684 मध्ये लोकभाषेवरच बंदीचा हुकूम निघाला आणि ही वाट अरुंद झाली.

त्याच काळात बाणावलीत जन्मलेले फादर जुझे वाझ (1651–1711) यांनी शिष्यत्वाचा वेगळा नमुना घालून दिला. डच सत्तेने श्रीलंकेत कॅथलिक पाद्र्यांना मज्जाव केला होता. 1687 मध्ये ते मजुराच्या वेषात तिथे पोहोचले. कँडीच्या राजाने हेर समजून त्यांना कैदेत टाकले. पुढे देवीच्या साथीत त्यांनीच रोग्यांची सेवा केली. पाद्री वर्षातून क्वचितच पोहोचेल अशा गावांत त्यांनी साध्या गृहस्थांना प्रार्थना चालवायला आणि शिकवायला तयार केले. पोपनी 2015 साली कोलंबोत त्यांना संत म्हणून घोषित केले.

महाराष्ट्रात शिष्यत्वाचा विचार सर्वांत ठामपणे मांडला तो रेव्ह. नारायण वामन टिळकांनी. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, तरी ख्रिस्ताला त्यांनी गुरू आणि माउली म्हणूनच आळवले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते मानीत. 1917 मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या अशा दोन्ही शिष्यांना त्यात जागा होती. मिशनऱ्यांना हे पचणे अवघडच होते. दोन वर्षांत टिळक वारले आणि दरबाराने मूळ धरले नाही. त्यांच्यापेक्षाही बोलका दाखला त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा. पतीच्या धर्मांतरानंतर त्या काही वर्षे दूर राहिल्या. त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात दिसते, की त्यांचे सोवळेओवळे एका दिवसात सुटले नाही, मन टप्प्याटप्प्याने मोकळे होत गेले आणि 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. इथे शिकणे आधी झाले, विधी नंतर.

आता पुन्हा गोव्याकडे वळू. कोलवाळचा पूल ओलांडला की बार्देस संपते आणि पेडणे सुरू होते.  हा मुलूख पोर्तुगीजांकडे आला 1788 मध्ये, नव्या काबिजादीचा भाग म्हणून, आणि तोही इथल्या लोकांच्या देवळांना व चालीरीतींना हात लावणार नाही या कबुलीवर. म्हणून साष्टी-बार्देसासारखी सामूहिक धर्मांतरे इथे झाली नाहीत आणि ख्रिस्ती वस्ती विरळ राहिली. जुन्या काबिजादीत गावच ख्रिस्ती असल्याने फेस्त (चर्चचा सण), लादाईन (सामूहिक प्रार्थना), मिरवणूक यांतून धर्म अंगवळणी पडतो. पेडण्यात तो आधार तोकडा. मुलांना रविवारची दोतोर्न (धर्मशिक्षणाचा वर्ग), घरातली संध्याकाळची तेर्स (जपमाळेची प्रार्थना), दृढीकरणाआधीची तयारी आणि चार घरे जमून होणारे बायबलवाचन, एवढ्यावरच सारे चालते. चतुर्थीला हिंदू शेजाऱ्यांकडून नेवऱ्या येतात, नाताळाला त्यांच्याकडे कुस्वार (नाताळचा फराळ) जातो. ख्रिस्ती माणूस शेजाऱ्याशी कसा वागतो, बांधावरची तक्रार कशी मिटवतो, दारू आणि पैसा यांपुढे किती टिकतो, हे उंबऱ्यावरूनच दिसते.