गढूळ तळे कसे निवळावे?

रायपूरहून राजिमकडे जाताना अभनपूर लागते. त्या परिसरात तळ्याला ‘तरिया’ म्हणतात. गावकऱ्यांचे स्नान, धुणे, गुरांचे पाणी व मत्स्यपालन अशा तळ्यांवर चालते. पाणी गढूळ राहिले की सूर्यप्रकाश खोल पोहोचत नाही आणि माशांचे मूळ अन्न असलेल्या सूक्ष्म वनस्पती वाढत नाहीत.

वाळू लवकर तळाशी बसते. परंतु ‘कन्हार’ या तेथील काळ्या चिकण मातीचे कण अतिसूक्ष्म असतात. त्यांवर ऋण विद्युत्‌भार असल्यामुळे ते परस्परांना दूर लोटतात व दीर्घकाळ तरंगत राहतात. तुरटीतील अॅल्युमिनियमचा धन भार हा विरोध नाहीसा करतो. मग कणांचे पुंजके बनून ते खाली बसतात. निवळीचे बी उगाळून पाणी स्वच्छ करण्याच्या आपल्या जुन्या रीतीतही कण असेच एकत्र येतात.

औषधापूर्वी निदान हवे. काचेच्या बरणीत तळ्याचे पाणी एक दिवस स्थिर ठेवावे. ते आपोआप निवळल्यास रसायनाचे कारण नाही. गुरांचे डुंबणे, काठाची धूप किंवा तळ उकरणारे मासे यांचाच बंदोबस्त करावा. पाणी हिरवट असेल तर तो दोष मातीचा नसून शेवाळाचा होय.

पाणी गढूळच राहिले तर एक लिटर स्वच्छ पाण्यात एक ग्रॅम तुरटी विरघळवावी. तळ्याच्या पाण्याच्या पाच एकलिटरी बरण्यांत हे द्रावण अनुक्रमे १०, २०, ३०, ४० व ५० मिलिलिटर घालून ढवळावे. तासाभरात जी सर्वांत कमी मात्रा पाणी निवळील, तीच योग्य. ती २५ मिलिग्रॅम ठरल्यास, एक हेक्टर विस्ताराच्या व सरासरी एक मीटर खोलीच्या तळ्यास २५० किलोग्रॅम तुरटी लागेल. ती विरघळवून, वारा नसताना सर्वत्र शिंपावी.

येथे एक धोका ध्यानात ठेवावा. तुरटीमुळे पाण्यात आम्ल उत्पन्न होते. मृदू पाण्यात त्याने मासे मरू शकतात. म्हणून तेथे तुरटीच्या सुमारे दोन-पंचमांश वजनाचा विरलेला चुना सोबत द्यावा आणि हे मिश्रणही आधी बरणीत तपासावे. जिप्समने आम्ल होत नाही. मात्र त्याच तळ्यास ते एक ते तीन टन लागते व त्याचा गुण सावकाश येतो.

निवळलेले पाणी जंतुरहित नसते. ते उकळल्यावाचून पिऊ नये. आणि काठावर गवत नसेल, तर पुढचा पाऊस सारा खर्च धुऊन नेईल.